सहीच्या वरच्या दोन ओळी

सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्याला चामड्याची जुनी बॅग होती आणि दोन्ही हातांत पुस्तकांचं खोकं. काचेमागच्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पार्सल तिकडं ठेवा. सही कुणाची हवीय?"

"पार्सल नाहीये," ती म्हणाली. "मी वकील आहे. आजपासून रुजू होतेय."

"अगंबाई, त्या कोर्टवाल्या का तुम्ही!" असं म्हणून त्या हसल्या, आणि हसू लपवायची तसदीसुद्धा घेतली नाही.

आता सांगा, चव्वेचाळीस वर्षांची बाई, एकोणीस वर्षं भल्याभल्यांच्या उलटतपासण्या घेऊन त्यांना घाम फोडलेली, तिनं हे ऐकून घ्यावं? घेतलं बापडीनं. नवी नोकरी, नवं शहर, सहा महिन्यांचं प्रोबेशन. गिळलं आणि खोकं घेऊन आत गेली.

हौसेनं आली नव्हती ती. आधीच्या गावात एका जुन्या वकिलांच्या ऑफिसात तिचं टेबल होतं. भाडेकरूंचे दावे, भावाभावांतल्या वाटण्या, सामाईक भिंतीवरून डोकी फोडलेले शेजारी, असली कामं. वकील वारले, आणि महिना उलटायच्या आत त्यांच्या चिरंजीवांनी कुलूप बदललं. ती सकाळी गेली तर टेबल व्हरांड्यात, टेबलावर फायली आणि फायलींवर तिची छत्री. एका शब्दानं विचारायची पद्धत नाही. वर घरात वडील, आणि त्यांचा खोकला असा की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. छातीचा चांगला डॉक्टर होता तो ह्या शहरात. म्हणून आली.

आणि शहर तरी काय, ना धड मोठं ना धड लहान. विमानतळ आहे, पण विमानं दिवसाला चार. पाच-सहा कारखानदार घराणी, आणि त्यांची खरेदी-विक्री, करारमदार बघणाऱ्या तीन लॉ फर्म. तिन्हींचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य. ही त्यांतली मधली. ऐट सगळी मोठ्या शहराची, आणि सकाळी कुणी कुणाशी कॉफी प्यायली हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक, हा खाक्या लहान गावाचा. दोन्हींतलं वाईट तेवढं उचललं होतं म्हणा ना.

तिचा साहेब म्हणजे तिथला पार्टनर. पन्नाशीचा, आणि शर्टाला दिवसाच्या कुठल्याही वेळी एक सुरकुती नाही. ती घरी त्याला 'इस्त्री' म्हणायची. तो दर मीटिंगमध्ये एकदा तरी म्हणायचा, "आपलं काम राजधानीच्या तोडीचं असतं." त्याच्या हाताखाली एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची वकील मुलगी होती. तिची बोटं कीबोर्डवर अशी पळायची, आणि माऊसला हात लावणाऱ्या माणसाकडे ती अशा नजरेनं बघायची, की आपल्या बाईंनी तिचं नाव 'शॉर्टकट' ठेवलं. मनातल्या मनात, अर्थात. ऑफिसातल्यांनी मात्र आपल्या बाईंना ठेवलेलं नाव मनात ठेवलं नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये मसुदा कधी देणार असं विचारल्यावर सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "पुढची तारीख द्या." झालं! त्या दिवसापासून ती तारीखबाई. पॅसेजमध्ये तारीखबाई, जेवणाच्या टेबलावर तारीखबाई. एकदा प्रिंटरवर तिच्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेल्या चिठ्ठीवरसुद्धा तेच.

"दुकानात बसायला गेलीस तर गिऱ्हाइकं नावं ठेवणारच," वडील घरी म्हणाले.

वडिलांचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. हा गृहस्थ चाळीस वर्षं कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. टायपिस्ट असले तरी दोन वकिलांची अक्कल एकटे बाळगून होते, आणि ती लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचे दोन नियम. कागदावर कोरी जागा उरली की फूटपट्टी लावून ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागून कुणी काही घुसडायला नको. आणि सहीच्या वर मजकुराच्या निदान दोन ओळी असायलाच हव्यात. मजकूर आधीच्या पानावर संपत असेल तर शेवटच्या दोन ओळी ओढून सहीच्या पानावर आणायच्या. का, असं विचारणाऱ्याला ते शिव्याच घालायचे. "नुसत्या सहीचं पान कुठल्याही कागदाला जोडता येतं, अक्कल आहे का तुला?" एका माणसानं घाई आहे म्हणून कोऱ्या पानावर आधी सही करून दिली, तर ह्यांनी ते पान त्याच्यासमोर टराटरा फाडलं आणि पुन्हा शेडमध्ये पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलं. मुलगी वकिली पुस्तकातून शिकली असेल, पण ह्या दोन गोष्टी तिच्या हाडात वडिलांनी घातल्या होत्या.

आणि ह्या सातव्या मजल्यावर काय पद्धत? बरोबर उलटी! करार अजून घासाघिशीत असतो, रोज दहा कलमं बदलतात, पण सह्या आधीच गोळा करून ठेवायच्या. शंभर पानांचा करार, आणि सहीचं एक वेगळं पान. त्यावर फक्त नाव, हुद्दा आणि सहीची रेघ. बाकी पान लख्ख कोरं. सह्या झालेली पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि शेवटच्या दिवशी जो मजकूर नक्की होईल त्याला लावून टाकायची. दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांना सांगून-सवरून, लेखी कळवूनच हे करतात, ह्यात बेकायदा काही नाही, असं तिला समजावण्यात आलं. लहान मुलाला समजावतात त्या आवाजात.

पहिल्या करारातच तिनं सवयीनं शेवटच्या दोन ओळी सहीच्या पानावर आणल्या. शॉर्टकट पान हातात नाचवत आली. "हे काय केलंय तुम्ही? सहीचं पान स्वच्छ हवं."

"स्वच्छच आहे. वर दोन ओळी आहेत फक्त."

"म्हणजे कलम बदललं की पान फुकट. पुन्हा सगळ्यांच्या सह्या घ्या. तुम्ही जाणार का दारोदार?"

इस्त्री तिथंच उभा होता. तो मंद हसला. "बाई, हे कोर्ट नाही. इथं सगळं विश्वासावर चालतं."

"विश्वासावर चालतं तर सह्या तरी कशाला घेता?" ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. शॉर्टकटनं ते पान दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यानंतर पंधरा दिवस तिला मीटिंगचं बोलावणं नव्हतं. ती काचेच्या खोलीबाहेर बसून जुन्या करारांतल्या तारखा तपासायची, आणि आतले लोक तोंडं हलवताना बघायची. असा संताप यायचा तिला की घरी येऊन भांडी आपटायची.

मग आला झाकणांचा कारखाना.

शहराच्या कडेला एक सत्तरीचे गृहस्थ बरण्यांची आणि डब्यांची पत्र्याची झाकणं बनवायचे. सगळे त्यांना झाकणवाले काका म्हणत. मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, म्हणून त्यांनी कारखाना एका मोठ्या कंपनीला विकायचं ठरवलं. कंपनीचे वकील म्हणजे ही फर्म. काकांनी सगळ्या अटी मान्य केल्या, फक्त एका गोष्टीवर अडून बसले. त्यांचे एकतीस कामगार दोन वर्षं तरी काढायचे नाहीत. ती अट अगदी शेवटी कबूल झाली, म्हणून करारात शेवटचं कलम म्हणून बसली, सत्तेचाळिसावं. सगळं ठरलं. शॉर्टकट सहीचं स्वच्छ पान घेऊन कारखान्यात गेली आणि हात हलवत परत आली.

"म्हातारा म्हणतो कोऱ्या पानावर सही करणार नाही," ती म्हणाली. "काय माणूस आहे! ज्या गावच्या बोरी... " आणि मग तिची नजर तारीखबाईंवर गेली.

तेव्हा कुठं त्यांना तारीखबाईंची आठवण झाली. ती गेली. सहीच्या वर शेवटच्या दोन ओळी आणलेलं पान घेऊन गेली. पत्र्याच्या चकत्या पाडणाऱ्या यंत्रांचा धडधडाट, झाकणं कापून उरलेले भोकाभोकांचे पत्रे भिंतीला रचलेले, आणि लांब टेबलाशी बसून झाकणांत रबराच्या चकत्या बसवणाऱ्या बायका. काकांनी पान डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं, "कोणाही कामगारास विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षं कामावरून काढणार नाही."

"हे बरं केलंत," ते म्हणाले. "परवा ती मुलगी नुसतं कोरं पान घेऊन आली होती."

मग तिनं त्यांना वडिलांचं सांगितलं. शेड, फूटपट्टी, तिरकी रेघ, टराटरा फाडलेलं पान, सगळं. काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. सही केली आणि निघताना तिच्या हातात पत्र्याची एक डबी ठेवली, घट्ट झाकणाची. "वडिलांना द्या. गोळ्या ठेवायला. आमच्याकडचं झाकण पडत नाही म्हणावं."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा तिच्या नोकरीबद्दल वाकडा शब्द काढला नाही. डबी उघडून बघितली, झाकून बघितली आणि गोळ्या तिच्यात ओतल्या. "म्हणजे तिथंही एखादा शहाणा माणूस आहे तर," ते म्हणाले, आणि ते काकांबद्दल होतं की तिच्याबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ती त्या रात्री सुखानं झोपली. ऑफिसातसुद्धा इस्त्रीनं तिच्या टेबलापाशी थांबून म्हटलं, "म्हातारा बरा पटवलात." तिला वाटलं, जमतंय की आपल्याला.

कसलं जमतंय!

सौदा शुक्रवारी पुरा व्हायचा होता. बुधवारी दुपारी इस्त्रीनं तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर दोन कागद होते. एक काकांच्या सहीचं पान, दोन ओळींसकट. दुसरा तिच्या पक्क्या नेमणुकीचा, खाली सहीची जागा मोकळी.

"शेवटचं कलम थोडं बदललंय," तो म्हणाला. "कंपनीचं म्हणणं आहे, 'काढणार नाही' असं बांधून घेता येत नाही. 'न काढण्याचा वाजवी प्रयत्न करील' असं केलंय."

तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. वाजवी प्रयत्न म्हणजे काय, हे कोर्टात दहा वर्षं भांडलं तरी ठरत नाही. तोवर एकतीसही माणसं घरी.

"काकांना माहितीय?"

"त्यांच्या वकिलाला सकाळी मसुदा मेल केलाय. बदलांची यादी जोडलीय."

"किती बदल आहेत यादीत?"

"बत्तीस. बाकीचे किरकोळ आहेत."

"त्यांचे वकील मेल उघडत नाहीत. म्हातारे आहेत. फोन करून सांगितलं तरच बघतात. सगळ्या शहराला माहितीय हे."

"वाचणं हे त्यांचं काम आहे, बाई." इस्त्रीचा आवाज चढला नाही, चढत नसेच. "तुम्ही कुणाच्या वकील आहात? कंपनीच्या. त्यांच्या बाजूनं विचार करायला त्यांचा वकील आहे. आता ह्या पानावर जुन्या दोन ओळी आहेत, म्हणजे हे पान आपल्या उपयोगाचं नाही. तुमच्या कृपेनं. उद्या जा आणि स्वच्छ पानावर सही घेऊन या. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे."

"आणि काय सांगू?"

"छपाईत पान बिघडलं म्हणा." त्यानं नेमणुकीचा कागद उचलून, सरळ करून, पुन्हा ठेवला. "हा शुक्रवारी बघू."

बाहेर शॉर्टकट उभीच होती, सगळं ठाऊक असल्यासारखी. "तरी मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं," ती म्हणाली. "पान स्वच्छ ठेवलं असतं तर आज तुम्हाला खोटं बोलायला लागलं नसतं."

ह्या कार्टीच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण वाईट म्हणजे, मुलगी खरंच बोलत होती. स्वच्छ पान असतं तर शुक्रवारी कुणीतरी ते नव्या मजकुराला लावून टाकलं असतं आणि आपल्या बाईंचे हात कोरडे राहिले असते. आता मात्र ह्याच दोन ओळींनी तिला समोर आणून उभं केलं होतं.

बुधवारची रात्र, गुरुवारची सकाळ ती एकच गोष्ट घोळवत राहिली. नाही म्हणावं? मग सोमवारी कुठं जायचं? जुन्या गावात टेबल व्हरांड्यात पडलेलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ह्या शहरातल्या बाकीच्या दोन फर्म तिला घेतील? इथली बातमी दुपारपर्यंत तिथं पोचते. आणि वडिलांच्या छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, उपचार लांबतील, पक्की नोकरी असेल तर आजारपणाच्या विम्यात वडिलांचं नाव घाला. काकांना सरळ सांगून टाकावं? पण ती काकांची वकील नव्हती. हे इस्त्रीचं म्हणणं तिनं इतक्यांदा मनात म्हटलं की शेवटी ते तिचंच झालं.

गुरुवारी दुपारी ती कारखान्यात गेली. रबराच्या चकत्या बसवणाऱ्या बायकांपैकी एकीनं ओळखीचं हसून स्टूल पुसून दिलं. काकांनी चष्मा चढवला. "पुन्हा सही?"

"हो काका. छपाईत पान बिघडलं."

"त्या दोन ओळी कुठं गेल्या?"

"आधीच्या पानावर गेल्या. मजकूर जरा हलला."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि चेष्टेनं म्हणाले, "वडिलांना चालेल का हो हे?"

इथं ती हसली. बाकी सगळं एक वेळ समजून घेता येतं, वडिलांचा आजार, नोकरी, सगळं. पण ती हसली, आणि म्हणाली, "चालेल की."

"तुम्ही आहात म्हणून हं. दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं." काकांनी सही केली. यंत्रांच्या आवाजात तिला स्वतःचं 'थँक यू' ऐकू आलं नाही. सही वाळावी म्हणून काकांनी पानावर फुंकर घातली, आणि ते अगदी जपून, दोन्ही हातांनी तिला दिलं.

संध्याकाळी वडील गोळी घेत होते. "झाकणवाल्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"उद्या होतंय पुरं."

"सहीच्या वर ओळी आहेत ना?"

"आहेत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शुक्रवारी पान मजकुराला लागलं, सौदा पुरा झाला, नेमणुकीच्या कागदावर सही पडली. तिला दार असलेली खोली मिळाली आणि दारावर पाटी. काचेमागच्या बाई उठून उभ्या राहू लागल्या. मीटिंगमध्ये इस्त्री "ह्यांना विचारा" म्हणू लागला, आणि शॉर्टकट तिच्यासाठी खुर्ची ओढू लागली. तारीखबाई हे नाव कुणी काढेना. लोक आपल्याला चांगलं वागवायला लागले की माणसाला बरं वाटावं, तर हिला जेवण जाईना. त्यांनी तिला आपलं म्हटलं होतं, आणि का म्हटलं होतं ते तिला माहीत होतं.

अडीच महिन्यांनी एका रविवारी सकाळी घराची घंटा वाजली. वडिलांनी दार उघडलं. ती आतून रुमालाला हात पुसत आली, तर दारात झाकणवाले काका. हातात काठी. एवढे जिने चढून आले होते, तरी आत या म्हटल्यावर आत आले नाहीत.

"काल शेवटच्या बारा जणांना काढलं," ते तिला म्हणाले. "एकोणीस आधीच गेले होते. कंपनीला कागद दाखवायला गेलो, तर ते म्हणाले, वाचा, आम्ही प्रयत्न केला. शेवटचं पान माझ्याच सहीचं होतं."

ती म्हणाली, "काका, तुमच्या वकिलांना मसुदा मेल केला होता. सगळे बदल त्यात..."

"मी वकिलाला विचारायला आलो नाही." आवाज मोठा नव्हता, पण जिन्यात घुमला. "मी काय वकिलासमोर सही केली? तुमच्यासमोर केली. मी विचारलं होतं तुम्हाला. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"तुम्ही हसलात."

काका वडिलांकडे वळले. "तुम्हीच ना ते टायपिस्ट? रेघ मारणारे?"

"मीच," वडील म्हणाले.

"तुमचं नाव सांगून सही नेली हो माझी," काका म्हणाले. आणि काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत उतरून गेले. वडील त्यांचा आवाज थांबेपर्यंत दारात उभे राहिले.

ती वाट बघत होती. ओरडतील, शिव्या घालतील, फूटपट्टी फेकून मारतील. ज्या माणसानं एका अनोळखी गिऱ्हाइकाला शेडमधून हाकललं, तो पोटच्या पोरीला काय ठेवेल? त्यांनी ओरडावं असंच तिला वाटत होतं, म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं, की तुमच्यासाठी केलं, तुमच्या खोकल्यासाठी केलं. पण ते काहीच म्हणाले नाहीत. दुपारी त्यांनी डबीतल्या गोळ्या काढून एका वाटीत ठेवल्या, डबी धुतली, पुसली आणि तिच्या ऑफिसच्या बॅगेवर नेऊन ठेवली. त्यानंतर घरात बोलणं म्हणजे जेवण झालं का, डॉक्टर कधी, दिवा घालव. तीसुद्धा हट्टाला पेटली. नाही बोलत तर नाही, म्हणाली, माझं काय अडलंय.

मग विम्याचा अर्ज आला. पक्क्या नोकरीच्या आजारपणाच्या विम्यात वडिलांचं नाव घालायचं, त्याचा. चार पानं, प्रत्येकावर त्यांची सही हवी. तिनं तो रात्रीच भरून ठेवला आणि सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. वर पेन ठेवलं.

"बाबा, सह्या हव्यात. मी सगळं भरलंय. खुणा केल्यात तिथं करा."

लहानपणापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून वकिलीच्या सनदेच्या अर्जापर्यंत तिनं पुढं केलेला एकही कागद त्यांनी कधी वाचला नव्हता. जगाचे कागद भिंगातून बघणारा माणूस, पण पोरीचा कागद म्हटला की पेन उघडून, "कुठं करू, बोल" एवढंच म्हणायचा.

त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ओठ हलत होते. ती बॅग खांद्याला लावून उभी राहिली. तिला उशीर होत होता, पण ती गेली नाही. दुसरं पान वाचलं, तिसरं वाचलं, मध्येच खोकल्याची उबळ आली तेव्हा बोट ओळीवर ठेवून थांबले आणि मग तिथूनच पुढं वाचलं. चौथ्या पानावर अर्ध्याहून जास्त जागा कोरी होती, आणि खाली सहीची रेघ.

वडील उठले. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून लाकडी फूटपट्टी काढली, चाळीस वर्षांची, कडा शाईनं काळ्या पडलेली. ती पानावर तिरकी ठेवली, दोन बोटांनी घट्ट दाबली, आणि ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश रेघ मारली. मग चारही पानांवर सह्या केल्या, आणि कागद तिच्याकडे न बघता तिच्या बाजूला सरकवला.